खाडा जोडू का?

वर्गात मी “आता या ठिपक्यांना वळण लावा” असं म्हणालो की मागच्या बाकांवर हमखास खसखस पिकायची. वळण लावायचं ते पोरांना, फार तर अक्षराला. आलेखाच्या कागदावरच्या ठिपक्यांना कसलं वळण? पुस्तकात त्या क्रियेसाठी एक जड संस्कृत शब्द होता, पण तो माझ्या तोंडात कधी बसला नाही. पोरांच्या हसण्यासकट मी तोच घरचा शब्द वापरत राहिलो आणि वापरत वापरतच निवृत्त झालो.

न हसणाऱ्यांत शिवांजली होती. आमच्याच युसूफ वडगावातल्या महारुद्रअप्पा कापडवाल्यांची मुलगी. अठ्ठ्याण्णव साली भाद्रपदात महालक्ष्म्या उठल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी ती घरी आली आणि दारातूनच हात जोडून म्हणाली, “शरणार्थ, सर. तुम्हाला धारूरला न्यायला आलेय.”

“यांना? कावून?” मी काही बोलायच्या आत आमच्या गंगासागरनं आतून विचारलं.

शिवांजली धारूरला एका संस्थेच्या बालकेंद्रात नोकरी करत होती. घाटाखालच्या आणि वरच्या वस्त्यांमधल्या लहान मुलांची दर महिन्याला वजनं घ्यायची, हे तिथलं मुख्य काम. संस्थेच्या पुण्याच्या कचेरीनं केंद्राला एक कॉम्प्युटर दिला होता आणि त्यात सांख्यिकीचं एक पॅकेज टाकून दिलं होतं. आता पुण्याला प्रत्येक मुलाच्या वजनाचा आलेख हवा होता, आणि त्यावर ठिपक्यांमधून जाणारी वळणदार रेघ.

“तीनशेच्या वर पोरं आहेत, सर. एकेका आलेखाला दहा-बारा वेळा माऊस दाबावा लागतो. आलेख उघडा, रेघेचा प्रकार निवडा, नाव टाका, मिटवा. त्यात लाईट जाते. असं करत बसले तर दसरा होऊन जाईल.”

“होऊ दे की दसरा,” गंगासागर म्हणाली.

“काकू, दसरा झाला की टोळ्या ऊसतोडीला जातात. पंडित साहेब त्याच्या आधी येणार आहेत.”

मग तिनं सगळं सांगितलं. पंडित साहेब म्हणजे संस्थेचे पुण्याचे अधिकारी. घाटावरच्या एका वस्तीत सांभाळघर काढायचं की नाही, हे त्यांनी ठरवायचं होतं. आई-बाप तोडीला गेले की मागं पोरांना बघायला कुणी नसतं, म्हणून अंगावरची पोरंसुद्धा फडावर जातात. सांभाळघर निघालं तर ती वस्तीतच राहतील. दोन वेळचं जेवण, दूध, झोपायला कोरडी जागा, गुढीपाडव्याला आई-बाप परत येईपर्यंत. “आलेखात गरज दिसली तर घर मिळेल. नाही दिसली तर नाही.”

मी म्हणालो, मला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही. ते खरंही होतं. तिनं पिशवीतून पॅकेजचं जाडजूड पुस्तक काढलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं.

“पुस्तक आहे ना, सर. पुस्तकाला तुम्ही भीत नाही.”

ते पुस्तक मी चार दिवस वाचलं. शेवटच्या प्रकरणात मला हवं ते सापडलं. माणूस माऊसनं जे जे करतो ते ते त्या पॅकेजला लेखी आज्ञा देऊनही करून घेता येत होतं. अमका आलेख उघड, त्यावर रेघ बसव, रेघ सरळ ठेव की एकदा वाकणारी की दोनदा वाकणारी, खाली नाव लिही, मिटव, पुढचा घे. शिवांजली त्याला स्क्रिप्ट म्हणायची. मी आज्ञावली म्हणायचो आणि मग आपण उगाच जड बोलतोय असं वाटून स्क्रिप्ट म्हणायचो.

केंद्र किल्ल्याच्या रस्त्यावर एका पत्र्याच्या ओसरीच्या घरात होतं. मी केजहून एस.टी.नं जायचो. पहिल्याच दिवशी चहा घेऊन सारजाबाई आल्या. झाडलोट, चहा, पोरांना काट्याच्या झोळीत बसवणं, सगळं त्याच करत. सांभाळघर मागितलं होतं त्याच वस्तीत त्या राहत. त्यांचा मुलगा सटवा आणि सून दर साली तोडीला जात, आणि बाई दिवसभर केंद्रात, म्हणून नात वैष्णवीही आई-बापाबरोबर. मागल्या साली वर्षाची पोरगी फडावरून हगवणीनं वाळून परत आली होती. सांभाळघर निघालं तर स्वयंपाकाला सारजाबाईच राहणार होत्या आणि वैष्णवी त्यांच्या डोळ्यांपुढं.

कपबशी माझ्यापुढं ठेवून त्या म्हणाल्या, “मास्तर, तुमच्या मशीनला सांगा, पोरगी हितंच ठेवायची हाय.”

“मशीन माझं नाही हो, बाई.”

“मग ज्याचं आसंल त्याला सांगा.”

स्क्रिप्ट लिहिताना माझे फार हाल झाले. एखादं अवतरणचिन्ह सुटलं की ते यंत्र इंग्रजीतून असं काही बोलायचं की मला परीक्षेत नापास झाल्यासारखं वाटे. शेवटी एका सकाळी ते न अडखळता चाललं. पडद्यावर आलेख उघडायचा, रेघ उमटायची, मिटायचा, पुढचा उघडायचा. आम्ही दोघं हात मांडीवर ठेवून बघत बसलो. मग छापायला लावलं आणि पहिले काही कागद हातात घेऊन शिवांजली खो खो हसायला लागली.

सगळे आलेख वैष्णवीचे होते. इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं ती यादीत सगळ्यात शेवटी होती, आणि मी ‘पुढचं मूल घे’ ही आज्ञा चुकीच्या जागी लिहिल्यामुळं स्क्रिप्ट आधी यादीच्या टोकाला जाऊन पोचत होती आणि मग तिथंच उभी राहून तीनशे वेळा रेघ काढत होती.

सारजाबाईंना दाखवलं. “बया! समदी माझीच?” त्यांनी दोन-चार कागद उलटून पाहिले. “मशीनला कळतंय बघा, कुणाचं काम हाय ते.”

ती चूक काढली. मग मात्र प्रत्येक मुलाला त्याचं नाव आणि त्याची रेघ मिळाली. रेघ मी एकदा वाकणारी ठेवली होती; मुलांचं वजन सुरुवातीला भरभर आणि मग सावकाश वाढतं, त्याला ती शोभते. दुपारपर्यंत टेबलावर चळत जमली. आलेख फार सुबक दिसत होते. डावीकडून वर चढत गेलेली, जरा झुकलेली, नीट वळणाची रेघ. मला आत कुठंतरी बरं वाटत होतं, म्हणून मी ते तोंडावर येऊ दिलं नाही.

शिवांजली एकेक कागद बघत शेवटपर्यंत गेली.

“सर, सगळी पोरं चांगली वाढतायत की.”

“हो.”

“मग गरज कुठं दिसतेय?”

मी वर्गात जे सांगायचो तेच सांगितलं. ठिपके जे म्हणतात ते म्हणतात, आपल्याला काय हवंय ते त्यांना माहीत नसतं. ती ‘हो सर’ म्हणाली. चार वर्षं ती वर्गातही ‘हो सर’ म्हणायची, पण हा तो स्वर नव्हता.

तेवढ्यात सटवा आला. वैष्णवीला काट्यावर घालायला आणलं होतं. वजन झालं, नऊ किलोला जरा कमी. सारजाबाईंनी त्याला टेबलाजवळ बोलावून लेकीचा आलेख दाखवला. तो कागद लांब धरून बघत राहिला.

“हे ठिपके म्हंजे वजनं व्हय? आन् हे मधी ठिपकाच न्हाई, हे काय?”

“तेव्हा तुम्ही तोडीला गेला होता ना,” शिवांजली म्हणाली. “तेव्हा वजन झालं नाही. तो खाडा.”

“आन् रेघ तर चाललीय की खाड्यावरनं सरळ.”

“ती कॉम्प्युटरनं जोडून घेतलीय.”

सटवा हसला. “आरं तिच्या! आमचा मुकादम एका दिसाचा खाडा पडला तरी कापून घेतो. आन् तुमचं हे मशीन पाच महिन्याचा खाडा आपल्या पदरचा भरून देतंय! मास्तर, आसला मुकादम बघा की आमाला कुठं.”

“गप ए,” सारजाबाई म्हणाल्या. “मोठ्या मान्साशी बोलतोय का चेष्टा करतोय?”

“चेष्टा कावून? मुकादमच मागतोय की.”

आम्ही सगळेच हसलो. मीसुद्धा हसलो. चारच्या एस.टी.नं निघालो, खिडकीची जागा मिळाली, आणि केज येईपर्यंत माझं हसू कुठं गेलं ते मला कळलं नाही.

घरी आल्यावर मी आलेखाचा कागद आणि पेन्सिल घेतली. मला यंत्रावर भरवसा नव्हता असं नाही. मला स्वतःवर नव्हता, म्हणून हातानं करून बघायची जुनी सवय. यादीतल्या एका मुलाचे ठिपके घेतले. जेठापासून आश्विनापर्यंतचे पाच, मग काही नाही, मग चैत्रापासून पुढचे सहा. डावीकडून रेघ काढत निघालो. पाचव्या ठिपक्यापाशी आलो आणि पेन्सिल थांबली. पुढं कुठं न्यायची? सहावा ठिपका खूप लांब होता, आणि पाचव्याच्या खाली. हातानं आपोआप पेन्सिल उचलली आणि पलीकडं ठेवली.

चाळीस वर्षं मी पोरांना सांगत आलो होतो, जिथं ठिपके नाहीत तिथं भरीव रेघ काढू नका. आणि माझी स्क्रिप्ट दुपारभर तेच करत होती. दोन्हीकडच्या ठिपक्यांना सांभाळून घेणारी एक देखणी रेघ ती काढायची. जाण्याआधीचं वजन आणि आल्यानंतरचं वजन यांच्यामधली पायरी त्या वळणात विरघळून जायची. चूक यंत्राची नव्हती. गणितही बरोबर होतं. मी त्याला एकच रेघ काढ असं सांगितलं होतं, त्यानं एकच काढली.

“काय बघताय कागदाकडं एवढं?” गंगासागरनं विचारलं.

मी तिला समजावून सांगायला गेलो. मधली रेघ काढावी की नाही, असा प्रश्न आहे, म्हणालो.

“तुम्ही होता का तिथं?”

“कुठं?”

“जिथं पोरं होती तिथं.”

“नाही.”

“मग कशाला काढता?” असं म्हणून ती निवडायला घेतलेले तांदूळ उचलून आत गेली. तिला माझ्या शंका नेहमीच लांबलचक वाटत आल्या आहेत.

दुसऱ्या दिवशी शिवांजलीला हे सांगताना मी बराच अडखळलो. मला खात्री नव्हती. कालपर्यंत एका रेघेवर खूष होतो. आज दोन तुकडे म्हणतोय. उद्या तिसरंच काही म्हणेन. तिनं ऐकून घेतलं आणि अहवालाची फाईल पुढं ओढली.

“सर, मध्ये कोरं ठेवलं तर साहेब पहिला प्रश्न विचारतील, पाच महिने वजनं का नाहीत. मी अहवालात ‘वजनं नियमित’ असं लिहिलंय. इथं जी पोरं होती त्यांची नियमितच घेतलीत. पण...”

“मग राहू दे,” मी लगेच म्हणालो. तिच्या नोकरीचं मला सुचलंच नव्हतं.

“राहू दे काय, सर? परवापर्यंत होईल का सांगा.”

दोन दिवस लागले. स्क्रिप्टला सांगावं लागलं की आधी ठिपक्यांमधलं अंतर मोज. दोन महिन्यांहून जास्त खंड असेल तर तिथं तोड, आणि दोन्ही बाजूंना वेगवेगळी रेघ बसव. मग आणखी अडचणी निघाल्या. तुकडा लहान असला की वाकणारी रेघ भलतीच वागते. तीन ठिपके असले तर ती तिन्हींच्या अगदी पोटातून जाते. यंत्र शंभर टक्के जुळलं म्हणून सांगतं आणि त्यातून काहीच कळलेलं नसतं. म्हणून कमी ठिपके असतील तिथं सरळ रेघ. आणि एकच ठिपका असेल त्या बाजूला रेघच नाही, तो तुकडा सोडून दे. एका ठिपक्यातून आपल्याला हवी ती रेघ काढता येते, म्हणून कुठलीच काढायची नाही, हा नियम मी जरा अभिमानानंच लिहिला.

सगळ्यात वर मी एक प्रश्न घातला. स्क्रिप्ट सुरू झाली की एक चौकट यायची आणि इंग्रजी अक्षरांत मराठी विचारायची: खाडा जोडू का? खाली दोन बटणं, हो आणि नाही. ते मी का केलं हे नक्की सांगता येत नाही. कदाचित निर्णय आपल्या अंगावर नको असं वाटलं असेल.

‘नाही’ दाबून आलेख छापले. आता चळतीतली जवळजवळ प्रत्येक रेघ मध्ये तुटलेली होती, आणि कितीतरी मुलांचा दुसरा तुकडा पहिल्याच्या शेवटापेक्षा खालून सुरू होत होता. जिना चढताना पाय खालच्या पायरीवर पडावा तसा. शिवांजलीनं सगळे कागद नीट एका आकारात लावले आणि त्यांवर तळहात ठेवून बसली.

पंडित साहेब घटस्थापनेनंतर आले. उंच, घाईचे, पण वाईट माणूस नव्हता. चहा घेता घेताच त्यांनी चळत ओढली.

“हे काय? तुटक का आहे सगळं?”

शिवांजलीनं माझ्याकडं पाहिलं. मी पॅकेजच्या पुस्तकाकडं पाहिलं.

“मॅडम, हे पुढं मुंबईला वरच्या साहेबांकडं जायचंय. अखंड रेघ असली की बघणाऱ्याला बरं पडतं. काही तांत्रिक अडचण आहे का?”

मी उठून कॉम्प्युटरशी गेलो, कारण बोलण्यापेक्षा ते सोपं होतं. चौकट आली. साहेबांनी वाकून वाचलं, “खाडा जोडू का,” आणि हसले. मी त्यांना माऊस दिला. त्यांनी ‘हो’ दाबलं. एका मुलाचा आलेख सुबक अखंड रेघेसह आला. परत सुरू करून ‘नाही’ दाबलं. तोच मुलगा, तेच ठिपके, मध्ये पायरी. त्यांनी तीन-चार मुलांचं असं उलटसुलट करून पाहिलं. मग हसू गेलं.

“यातलं चूक कोणतं?”

“गणित दोन्हीचं बरोबर आहे.”

“मग खरं कोणतं, सर?”

“मला ठाऊक नाही,” मी म्हणालो. “ठाऊक नाही, म्हणून मध्ये कोरं ठेवलंय.”

“त्या महिन्यांत वजनं का नाहीत?”

“पोरं फडावर होती, साहेब,” शिवांजली म्हणाली. “आणि काटा इथं होता. अहवालात मी ‘नियमित’ लिहिलं, ते चुकलं.”

सारजाबाई दारात रिकाम्या कपांचा ट्रे धरून उभ्या होत्या आणि आत येत नव्हत्या.

“ठीक आहे,” साहेब म्हणाले. “ते आपण नंतर बोलू. ज्या वस्तीचं घर मागताय तिथलीच पोरं घ्या. ज्यांचा दुसरा तुकडा पहिल्याच्या खाली सुरू होतो त्यांची नावं काढा. घर झालंच तर जागा पंधरा, त्या या यादीतून. याबाहेरचं नाव मी घेणार नाही, आधीच सांगतो. नाहीतर सरपंचापासून सगळे येतात.”

ते स्क्रिप्टला जड नव्हतं. प्रिंटर कुरकुरला. बारा नावं आली. शिवांजलीनं वाचली. सारजाबाईंनी दारातूनच विचारलं, “आमची?”

शिवांजलीनं परत वाचली. वैष्णवीचं नाव नव्हतं.

मला कारण लगेच कळलं. मागल्या साली सारजाबाई केंद्रात नव्यानं लागल्या होत्या. दसऱ्याआधी वैष्णवी एकदाच काट्यावर बसली होती. एकच ठिपका. आणि एका ठिपक्याचा तुकडा सोडून दे, हा माझाच नियम. जोडलेल्या रेघेत तिची घट विरघळली होती, आणि तोडलेल्या रेघेत ती मोजलीच गेली नव्हती.

मी ते सांगितलं. साहेब सहज म्हणाले, “मग कमीत कमी दोन ठिपक्यांऐवजी एक करा ना तिथं. एका आकड्याचा तर प्रश्न आहे.”

खरंच एका आकड्याचा प्रश्न होता. माझं बोट त्या कळीवर होतं. सारजाबाई माझ्याकडं बघत होत्या. मी आकडा बदलला असता तर यंत्रानं त्या एका ठिपक्यातून कुठलीतरी आडवी रेघ ओढली असती, आणि ती रेघ पुराव्यासारखी दिसली असती. मग ज्या पोरांचा एकच ठिपका आहे त्या सगळ्यांना अशीच रेघ. त्यातली किती खरी?

“एका ठिपक्यातून रेघ काढता येत नाही, साहेब,” मी म्हणालो. “म्हणजे कोणतीही काढता येते.”

“मग?”

मग काय, ते मलाही माहीत नव्हतं. पण हात चालू होते. ज्यांचे ठिपके कमी आहेत त्यांना रेघ बसवूच नकोस, एवढी एक ओळ मी घातली. नुसते ठिपके छाप, वेगळे छाप. सात-आठ कागद आले. प्रत्येकावर थोडे ठिपके आणि बाकी पांढरं.

“हे यंत्राला ठरवता येत नाही,” मी म्हणालो. “हे कुणीतरी डोळ्यांनी बघावं लागेल.”

साहेबांनी कागद घेतले आणि ओसरीवर उजेडात गेले. खुर्चीवर न बसता कट्ट्यावर बसले. एक कागद बघून बाजूला ठेवला. त्यातलं मूल फडावरून आलं तेव्हा आधीपेक्षा वरच होतं. दुसराही ठेवला. तिसरा मांडीवर ठेवला. असं करत वैष्णवीचा कागद आला. डावीकडं एकटाच ठिपका, आठ किलोच्या रेषेवर. मग मोठं कोरं. मग खाली, सातच्या जवळ, दुसरा, आणि तिथून हळूहळू वर येणारे बाकीचे.

“ही कोण?”

“माझी नात हाय,” सारजाबाई म्हणाल्या.

“हे तर दिसतंय की,” साहेब स्वतःशीच म्हणाले आणि तो कागद मांडीवरच्या कागदावर ठेवला.

बारा आणि ते दोन, चौदा झाले. जाताना जीपमध्ये बसल्यावर त्यांनी शिवांजलीला बोलावलं. घर मंजूर, पण या एका हंगामासाठी. “आणि पुढच्या वर्षी हा मधला कोरा भाग मला दिसता कामा नये. जी पोरं जातील त्यांच्यामागं काटा गेला पाहिजे. कोण जाणार?”

“मी जाईन,” शिवांजली म्हणाली. महारुद्रअप्पा नंतर महिनाभर माझ्याशी नीट बोलत नव्हते. “मास्तर, पोरीला स्थळं बघायच्या दिवसांत तुम्ही उसाच्या फडात हिंडायला लावलंत,” असं त्यांनी भर दुकानात चार गिऱ्हाइकांपुढं मला ऐकवलं. मी टॉवेल घेऊन घरी आलो.

दसऱ्यानंतर आठवड्यानं सटवाची टोळी निघाली. ट्रकात भांडी, गोधड्या, एक शेळी आणि माणसं. सटवानं वैष्णवीला सारजाबाईंच्या कडेवर दिलं. ती आईकडं झेपावत होती, आणि तिची आई मुद्दाम ट्रकाच्या पलीकडच्या बाजूला तोंड करून बसली होती.

सटवा माझ्याजवळ आला. “मास्तर, औंदा खाडा आमचा. पोरीचा न्हाई.”

“नीट जा,” मी म्हणालो.

कार्तिकात सांभाळघरातल्या पोरांचं पहिलं वजन होतं, त्यांना धारूरच्या केंद्रात आणलं होतं. शिवांजली दुसरा काटा घेऊन कारखान्याच्या बाजूला गेली होती, म्हणून ठिपके भरायला मी गेलो. सारजाबाईंनी वैष्णवीला झोळीत बसवलं, काटा हलायचा थांबेपर्यंत तिच्याशी बोलत राहिल्या. मी आकडा वाचला. टोळी निघतानाच्या वजनापेक्षा शंभर-दीडशे ग्रॅम कमी.

“आईची याद काढती,” सारजाबाई माझ्या तोंडाकडं बघून म्हणाल्या. “रातीची उठून दाराकडं बघती. जेवती, पर ध्यान न्हाई. व्हईल की बरी, मास्तर?”

हे सगळं करताना ही गोष्ट माझ्या मनात आली नव्हती. कुणाच्याच आली नव्हती. मी कॉम्प्युटरवर तो ठिपका टाकला. मागल्या साली जिथं काहीच नव्हतं त्या महिन्यात आता एक ठिपका होता, आधीच्याहून जरासा खाली. स्क्रिप्ट चालवली. चौकट आली आणि तिनं नेहमीसारखं विचारलं.

“काय म्हनतंय?” सारजाबाईंनी विचारलं.

“रेघ जोडू का, म्हणतंय.”

त्यांनी नातीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. “मग काय सांगताय?”

“पुढच्या महिन्यात बघू, म्हणतो,” मी म्हणालो आणि ‘नाही’ दाबलं. “पुढच्या महिन्याचं वजन झालं की परत विचारू त्याला.”